भाता

जांबोटी मागे पडून चोर्ल्याची वळणं सुरू झाली
की डाव्या पायाच्या पोटरीला आधी कळायचं,
काटा नंतर चढायचा.
गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर कधीचं फाटलेलं,
त्याखालच्या फोमचं पीठ झालेलं.
तिसरा टाकला की वर एक गरम श्वास,
जळक्या तेलाचा,
आणि सलवारीच्या डाव्या गुडघ्यावर
काळी भुकटी, रोजची.

गाडी सव्वीस वर्षांची. लाल, दोन सीटची,
गोव्यात जोडलेली,
म्हापशाच्या एका दाताच्या डॉक्टरकडून घेतलेली.
भाऊ म्हणाला होता,
"हिच्यात पोतं कुठं ठेवणार, माणूस कुठं ठेवणार?"
पोतं नाहीच, म्हटलं. माणसाचं बघू.

उद्यमबागेत तीनचा भोंगा झाल्यावर
परशराम मुचंडीकरनं मधला कप्पा उघडला.
चार स्क्रू. पाचवा आधीच्या कुणीतरी नेलेला.
सिद्रामनं आत हात घातला आणि झटक्यात मागे घेतला:
"बिशी ऐती, अक्का!"
तेवढं कानडी मला पोटरीनं शिकवलेलंच होतं.

फोम निघाला नाही, सांडला.
चिमट्यानं, मग ब्रशनं, मग सिद्रामच्या फुंकरीनं,
आणि तिघांच्याही भुवया काळ्या.
शेवटी भोकातून थेट खालचं दिसलं:
सायलेन्सरची नळी,
फरशीवरचा तेलाचा डाग,
त्याला वळसा घालून चाललेला एक मुंगळा.
इतकी वर्षं मी याच्यावर बसून घाट चढत होते.

"असला फोम आता कुठला," परशराम म्हणाला,
"कारखाना मिटूनच किती वर्षं झाली बगा."
मग शेजारच्या फाउंड्रीतून पांढरी लोकर आली,
भट्टीच्या दाराला लावून उरलेली.
लोखंड वितळतं तिथं टिकते,
माझ्या पोटरीचं काय.
त्यानं पुठ्ठ्यावर माप काढलं, शिंप्यासारखं,
तोंडात पेन्सिल धरून,
आणि हातमोजे घालून कापलं, कारण ती टोचते,
रात्रभर खाजवायला लावते.

राहिलं वरचं रबर.
त्यासाठी शहापुरात, गल्लीच्या टोकाला,
दिगंबर हुदलीकर, पेट्या दुरुस्त करणारे.
फाटका तुकडा त्यांच्यापुढं ठेवला.
त्यांनी उघडला, मिटला, कानाशी नेला.
"भाता आहे हा. कुठल्या पेटीचा?"
गाडीचा.
"असू दे की. हवा आत घ्यायची का अडवायची?"
अडवायची.
ते जरा खट्टू झाले.
उभ्या आयुष्यात असा भाता केला नव्हता.
तरी केला. दुहेरी चामडं, घड्या अकरा,
कोपऱ्याला बारीक टाके, जे कुणालाच दिसणार नाहीत.
पैसे विचारले तर म्हणाले,
"पेटीचे नको. चपलेचे द्या."

खानापूर रोडला काढली.
मच्छे ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही.
सलवार स्वच्छ. पोटरी थंड,
आणि जरा बावरलेली,
बोलणारं माणूस गावाला गेल्यासारखी.
मग देसूरच्या अलीकडं तिसरा टाकला
आणि ऐकलं:
खालून कुठून तरी, बारीक, लांब,
न थांबणारं कण्हणं.

"हे काय?"
परशराम खिडकीबाहेर बघत होता.
"ते आहेच की आधीपासनं.
आता ऐकू यालंय."
गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्च मोठा.
दिवाळीनंतर बघू, म्हणाला, कुठली दिवाळी ते न सांगता.

परवा हुदलीकरांना शेजारी बसवून आणलं,
त्यांचा भाता त्यांना दाखवायला.
गुडघे पोटाशी, टोपी मांडीवर.
भात्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
तिसऱ्यात मान कलती केली,
डोळे मिटले, बोटं मांडीवर सरकली.
"काळी दोन," म्हणाले, "किंचित उतरलेली."

मग, माझ्याकडं न बघता,
"चौथा टाका बघू."